जबाबानंतरचे महिने
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात कारागृहातील मनोरुग्ण बंद्यांचा विचार झाला. कारागृहाच्या दारापर्यंत न जाताच, रुग्णालयाच्या खाटेवर ज्याची कायद्याशी गाठ पडते, त्या आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे आज वळावयाचे आहे, आणि नापिकीने व कर्जाच्या तगाद्याने गांजलेल्या वाशिम जिल्ह्यात असा माणूस दुर्मीळ नाही.

मानोरा किंवा रिसोडकडील एखाद्या खेड्यातून विषबाधेचा रुग्ण जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखल झाला, की डॉक्टर एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदवितात, खबर ठाण्याला जाते आणि रुग्ण शुद्धीवर येताच पोलीस जमादार कागद घेऊन जबाबासाठी खाटेशी उभा राहतो. अशा वेळी पायथ्याशी बसलेली बायको किंवा भाऊ, कोणी विचारण्यापूर्वीच, “फवारताना चुकून गेलं, साहेब,” एवढेच सांगतो. दप्तरी अपघाताची नोंद होते, पोटातले विष निघते, माणूस घरी जातो. परंतु ज्या दुःखाने त्याला तेथवर आणले, त्याची नोंद कोठेच न झाल्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला पाठविण्याचे कारणही उरत नाही.

हे असत्य भयातून जन्मले आहे, आणि त्या भयास आधार होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ने आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेची शिक्षा ठेवली होती. मुंबई पोलीस दलातील एक शिपाई, अपघातानंतर मनोविकाराने ग्रासलेला, पत्नीला भाजीविक्रीचा परवाना मिळेना म्हणून महापालिकेच्या दारी स्वतःला जाळून घेण्यास निघाला आणि त्याच्यावर याच कलमाखाली खटला भरला गेला, तेव्हा १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने, अशा पीडितास कोठडीची नव्हे तर उपचाराची गरज आहे हे स्पष्ट करून ते कलमच घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये तेच मत स्वीकारले. पण १९९६मध्ये घटनापीठाने ते फिरविले व कलम पुन्हा जिवंत झाले. अखेर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ने, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेतून मुक्त केले. आणि १ जुलै २०२४ला अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचा अपवाद सोडता, हा गुन्हाच उरला नाही.

मात्र त्याच कलम ११५चा दुसरा भाग, माझ्या मते अधिक मोलाचा असूनही, क्वचितच वाचला जातो : अशा व्यक्तीस शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन मिळवून देऊन पुन्हा तसा प्रसंग येण्याचा धोका कमी करणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. प्रयत्नानंतरचे पहिले काही महिने सर्वाधिक धोक्याचे असतात आणि नेमक्या त्याच काळात गावी परतलेला माणूस शासनाच्या दृष्टीआड होतो.

वस्तुतः साधने अगदीच नाहीत असे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पातील चौदा जिल्ह्यांत वाशिम आहे; आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणग्रस्तांची विचारपूस करावी, ही त्याची मूळ कल्पना. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील काही खेड्यांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावातल्याच माणसांना शिकवून हे काम दिले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचारास येणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. हे साधले, कारण ओळखीचे माणूस अंगणात येऊन बसले.

म्हणून तजवीज एवढीच हवी, की ठाण्याकडे जाणाऱ्या खबरेबरोबर, रुग्णाच्या संमतीने, एक कागद जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही जावा, घरी सोडल्यानंतर आठवड्याच्या आत कोणी त्याच्या घरी पोहोचावे, आणि जबाब घेणाऱ्या जमादाराने कागद उघडण्यापूर्वीच, “तुमच्यावर केस होणार नाही, खरं ते सांगा,” असे घरच्यांना मोठ्याने सांगावे. तोवर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा विनामूल्य क्रमांक रुग्णालयाच्या प्रत्येक सुटीच्या कागदावर लिहिता येईल.