घाटातले दोन टक्के

पहाटेचे पावणेसहा. कोथरूडच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढते तेव्हा स्क्रीनवर बॅटरी १०० टक्के, रेंज ३११. अण्णा शेजारी बसलेत, मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. चष्मा कपाळावर चढवून ते आकडा वाचतात.

"तीनशे अकरा? घेताना तर चारशे सदतीस म्हणाली होतीस."

"ते एआरएआयचं, अण्णा."

एआरएआय म्हणजे आमच्याच कोथरूडच्या टेकडीवरची गाड्या तपासणारी संस्था. तिथे गाडी रोलरवर पळवून मोजतात. एसी बंद, वेग नव्वदच्या पुढे नाही, आणि रोलरवर खंबाटकी घाट लागत नाही. खोटं कोणी बोलत नाही. पण त्या चारशे सदतीसला आपण कधी जात नाही एवढंच. ३११ हा आकडा गाडीनं स्वतः काढलाय, माझ्या गेल्या आठवड्याच्या हिंजवडीच्या फेऱ्यांवरून. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, त्यातला बराचसा वेळ चांदणी चौकात आणि भूमकर चौकात सरपटत. अशा ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची गाडी उभ्या उभ्या पैसे जाळते. ही उभी राहिली की एसीपुरतंच खाते, आणि ब्रेक दाबला की थोडं परत घेते. म्हणून शहरात एका टक्क्याला तीन किलोमीटरच्या वर जाते. आठवड्यातून एकदा-दोनदा रात्री प्लग लावायचा, संपलं. ऑफिसच्या दिवसांत मी रेंजकडे बघतसुद्धा नाही. लिफ्टमध्ये मात्र प्रश्न ठरलेला: एका चार्जला किती देते? कुठल्या रस्त्यावर, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आज रस्ता आहे चिपळूणचा. सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, मग खेर्डीचं घर. मे महिना, एसीला सुट्टी नाही, मागच्या सीटवर आई आणि डिकीत तिचा संसार.

खेड शिवापूरच्या टोलला ९१ टक्के. अण्णा पिशवीतून डायरी काढतात, मागचं पान उघडतात, उभ्या रेघा मारतात. वेळ, किलोमीटर, टक्के. पोफळीच्या वीजघरात पस्तीस वर्षं दर तासाला रीडिंग लिहिलेला माणूस. लॉगशीटशिवाय त्याला प्रवास झाल्यासारखा वाटत नाही.

रस्ता मोकळा दिसतो, मी शंभरवर नेते. शिरवळला अण्णा चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.

"पंचवीस किलोमीटरला बारा टक्के. गळती आहे कुठेतरी."

गळती माझ्या उजव्या पायात आहे. ऐंशीचे शंभर केले म्हणजे वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीच्याही वर जातो. पेट्रोलच्या गाडीतही हे होतंच, फक्त तिथे काटा इतका हळू सरकतो की कोणाच्या लक्षात येत नाही. मी निमूट ऐंशी-पंच्याऐंशीवर येते. एक एसटी आम्हाला मागे टाकते. आई म्हणते, "जाऊ दे तिला, तिला टायमात पोचायचंय."

खंबाटकीच्या पायथ्याला ७३. घाट चढायला लागलो की टक्के डोळ्यांदेखत पडतात: ७२, ७१, एका वळणावर ट्रकच्या मागे अडकतो तिथे ७०, माथ्यावर ६९. चार टक्के, जेमतेम काही किलोमीटरांसाठी. स्क्रीनवरची रेंज घाबरते आणि एकदम १६०वर येते. माझ्याही पोटात थोडं हलतं. पुढचा चढ असाच राहील असं गाडी धरून चालते. वाईच्या बाजूला उतार लागेल हे तिला ठाऊक नाही; मला ठाऊक आहे, तरी हलतं.

साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलाच्या आवारात शिरतो तेव्हा ११५ किलोमीटर झालेत आणि ५४ टक्के उरलेत. म्हणजे टक्क्याला अडीच. पुढे खेर्डीपर्यंत अजून सव्वाशेच्या आसपास. चोपन्न गुणिले अडीच, एकशे पस्तीस. पोचू, पण दहा किलोमीटर हातात ठेवून घाटात शिरायची माझी छाती नाही.

चार्जरला दोन गन. एकीवर कागद चिकटवलाय: बंद आहे. दुसरी एका पांढऱ्या गाडीला लावलेली, मालक आत मिसळ खातायत. त्यांच्या चार्जरच्या पडद्यावर ८८ टक्के, आणि वेग १४ किलोवॉट. ऐंशीच्या पुढे हे असंच. कळशी गळ्यापर्यंत आली की आपण नळ बारीक करतो, तशी बॅटरी स्वतःच नळ बारीक करते. रिकामी असताना वीस टक्के झपाट्यानं भरतात, वरच्या वीस टक्क्यांना तासभर लागू शकतो. गृहस्थ तोंड पुसत बाहेर येतात. मी नम्रपणे सुचवते, कोल्हापूरला एवढे पुरतील की.

"पुरतील हो," ते म्हणतात. "पण शंभर बघितल्याशिवाय निघवत नाही."

पंचवीस मिनिटं जातात. ते पंच्याण्णववर दया दाखवतात.

मग माझी पाळी. अ‍ॅप उघड, वॉलेटमध्ये पैसे भर, ओटीपीची वाट बघ. गन लावली की क्लिक होतं, पडदा म्हणतो 'तयार', आणि पुन्हा पहिल्या पानावर जातो. दोनदा. हॉटेलचा पोरगा टेबल पुसायचं सोडून येतो. "मॅडम, त्ये लाल बटन दाबा, मग उजवीकडं फिरवा. मग हुतंय." दाबते, फिरवते, होतंय. आतला पंखा घरघरायला लागतो, पडद्यावर ३८ किलोवॉट. जगातल्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा या पोराला हे यंत्र जास्त कळतं, आणि त्याचा पगार चार्जरवाली कंपनी देत नाही.

चोवीस मिनिटांत ८५. साडेबारा युनिटांच्या आसपास, जीएसटी धरून तीनशे सात रुपये. घरी हेच शंभर-सव्वाशेत झालं असतं. अण्णा तेही लिहितात.

उंब्रजला हायवे सोडतो. मल्हारपेठ, पाटण. साठच्या वर जायची सोय नाही. समोर उसाचा रिकामा ट्रॅक्टर, मग लग्नाचा टेम्पो. चिडायला हवं, पण टक्के जागचे हलत नाहीत. हायवेवर जिने रडवलं ती हीच गाडी आता टक्क्याला तीनच्या आसपास देतेय. कोयनानगर येतं, हेळवाक मागे पडतं, घाटमाथ्यावर ५३.

"थांब," अण्णा म्हणतात. रीडिंग घेतात. मग, "आता पाय काढ."

मी पाय काढते. रीजन, म्हणजे वीज परत घेणं, सगळ्यात वरच्या पायरीवर. कुंभार्ली सुरू होतो आणि गाडी स्वतःच स्वतःला धरून ठेवते, ब्रेकला क्वचित पाय लागतो. पडद्यावरचा बाण उलटा फिरलाय, चाकांकडून बॅटरीकडे. अण्णांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी असा बघतेय. डोंगराकडे बोट दाखवून ते आईला सांगतात, जिने हे शंभर वेळा ऐकलंय.

"याच्या पोटातून पाणी जातं. कोयना तिकडे पूर्वेला निघालेली, कराडला कृष्णेला भेटायला. तिचं पाणी आम्ही बोगद्यानं इकडे वळवलं आणि खाली सोडलं. सगळे टप्पे धरून एकोणीसशे साठ मेगावॉट. आणि ही तेच करतेय. वरून खाली येतेय आणि वीज बनवतेय."

"माथ्यावर शंभर टक्के असती तर?"

"तर काय, धरण भरलेलं. पाणी सांडव्यावरून." ते हसतात. बरोबरच आहे, भरलेली बॅटरी काही घेत नाही, मग उतारावर सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी उतरणाऱ्यांना हे पहिल्या वळणावर कळतं.

उतरता उतरता ५४. पोफळीला ५५.

"फक्त दोन?" आई विचारते.

अण्णा डायरीत गणित मांडतात. माणसं-सामान धरून सतराशे किलो, पाचशे मीटर खाली. सव्वादोन युनिट व्हायला हवेत. चाकांचं घर्षण, एसी, जाता-येता होणारी गळती वजा करता पाऊण. "पाऊण युनिट म्हणजे दोन टक्के. बरोबर आहे. आमच्याकडेही सगळं पाणी वीज होत नसे."

खेर्डीच्या अंगणात गाडी लागते तेव्हा ४९. अण्णा उतरत नाहीत. पेन्सिल चालूच.

"सातारला एकतीस भरलेस ना? नसते भरलेस तर अठरावर पोचली असतीस."

मी काही बोलत नाही. पन्नास मिनिटं आणि तीनशे सात रुपये.

मागच्या पडवीत पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे, पंपासाठी बसवलेला. घरचा चार्जर लावते. लाल दिवा. काढून पुन्हा लावते. लाल. अर्थिंगचा दोष. गावच्या घरांत हे नेहमीचं. मिक्सरला, पंख्याला, कशालाच फरक पडत नाही, ही मात्र अर्थिंगशिवाय एक युनिट घेत नाही.

अण्णा डायरी खिशात ठेवतात, न्हाणीघरातून बादली भरून आणतात आणि विहिरीकडच्या भिंतीशी जातात. तिथे तुळशीच्या मागे एक सिमेंटचं झाकण आहे. मला ते आजवर गटाराचं वाटत होतं. झाकण सरकवतात. खाली कोरडी ठणठणीत माती, कोळशाचे तुकडे, मधोमध गंजका पाइप.

"मी घातलेलं आहे हे. मीठ आण गो वाटीभर. जाडं."

आई मीठ आणते. मीठ, मग पाणी. माती पहिली बादली सूं करून पिते. दुसरी थोडी हळू. "मे महिन्यात याला पण तहान लागते," ते म्हणतात आणि तिसरी आणायला वळतात.

मी पडवीत जाऊन प्लग काढते, पुन्हा लावते. लाल. थांबते. हिरवा.

आतून हाक मारते. अण्णा ओले हात धोतराला पुसत येतात, दिव्याकडे बघतात, मग मीटरच्या डब्याकडे. डायरीत शेवटची ओळ लिहितात: १२.२०, ४९ टक्के, व्होल्टेज १९८.

"कमी आहे," ते पुटपुटतात. "रात्री नऊ वाजतील."