देशाचा पाऊस एका आकड्यात

पुढील वाक्य नीट वाचा : ‘ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात १६२.७ मिलीमीटर पाऊस पडला.’

वाक्य अगदी साधे आहे. पण थोडा विचार केलात, तर त्यातून प्रश्नांची रांगच उभी राहील. भारतात म्हणजे नेमका कोठे? चेरापुंजीला की जैसलमेरला? एवढ्या मोठ्या देशाचा पाऊस एका आकड्यात कसा बसवला? तो कोणी मोजला आणि कशाने मोजला? आणि १६२.७ हा आकडा मोठा म्हणायचा की लहान?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून ऑगस्टमधील पावसाची देशाची सरासरी २५४.९ मिलीमीटर येते. म्हणजे २०२३ च्या ऑगस्टमध्ये ९२.२ मिलीमीटर पाऊस कमी पडला. ही तूट ३६ टक्के होते. देशाच्या पावसाच्या या नोंदी १९०१ पासून सलग उपलब्ध आहेत. त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. त्याआधीचा नीचांक २००५ च्या ऑगस्टचा होता, पण त्या वेळी तूट सुमारे २५ टक्केच होती.

पावसाची उंची

पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलीमीटरमध्ये का मोजतात? सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, जिरले नाही आणि त्याची वाफही झाली नाही, तर त्याचा जेवढा उंच थर साचेल तेवढा पाऊस झाला असे आपण म्हणतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, की पाणी बरोबर एक लिटर भरते. घराच्या गच्चीची लांबी-रुंदी मोजा, म्हणजे एका सरीत गच्चीवर किती घागरी पाणी पडले ते तुम्हांला घरबसल्या सांगता येईल.

पाऊस मोजण्याच्या साधनाला पर्जन्यमापक म्हणतात. आपल्याकडे सायमन्स पद्धतीचा पर्जन्यमापक सर्वत्र वापरतात. वर ठरावीक मापाचे गोल तोंड, त्याखाली नरसाळे आणि नरसाळ्याखाली पाणी साठवणारी बाटली, एवढीच त्याची रचना. तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर एक मिलीमीटर पावसाचे २० घनसेंटिमीटर पाणी बाटलीत जमते. ते खुणा केलेल्या काचपात्रात ओतले, की पावसाचा आकडा सरळ वाचता येतो. पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवतात, म्हणजे जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत जात नाहीत. जवळपास झाड किंवा भिंत असून चालत नाही, कारण त्यांच्या आडोशाने पाऊस अडतो.

वाचन रोज सकाळी साडेआठ वाजता घेतात. आदल्या सकाळच्या साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहितात. देशभर वेळ एकच असल्यामुळे कोकणातील नोंद आसामच्या नोंदीशेजारी ठेवून पाहता येते. निरनिराळ्या वेळी घेतलेल्या नोंदींची बेरीज करण्यात काही अर्थ नसतो.

सरासरी काढण्यातील खोच

आता देशाच्या आकड्याकडे वळू. सर्व पर्जन्यमापकांचे आकडे मिळवून त्यांच्या संख्येने भागले की झाले, असे तुम्हांला वाटेल. पण तसे केले तर उत्तर चुकते. कसे ते पाहा.

समजा, एका प्रदेशाचा १,००० चौरस किलोमीटर भाग डोंगराळ आहे. तेथे १० पर्जन्यमापक आहेत आणि प्रत्येकात ३०० मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. उरलेला ९,००० चौरस किलोमीटर भाग सपाट आहे. तेथे दोनच पर्जन्यमापक आहेत आणि दोहोंत ५०-५० मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. बारा आकड्यांची साधी सरासरी सुमारे २५८ मिलीमीटर येते. पण प्रदेशाचा नऊ-दशांश भाग तर जवळजवळ कोरडाच आहे! म्हणून प्रत्येक भागाच्या पावसाला त्या भागाच्या क्षेत्रफळाने गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्षेत्रफळाने भागायचे. आता उत्तर येते ७५ मिलीमीटर. खरे चित्र हे आहे.

भारताचा हवामान विभाग आधी जिल्ह्यांचा पाऊस काढतो, त्यावरून हवामानाच्या ३६ उपविभागांचा आणि शेवटी क्षेत्रफळाचे भान ठेवून साऱ्या देशाचा. आपल्या भागात असे चार उपविभाग येतात : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त पाऊस झाला, तर तो ‘सामान्य’ समजतात. तूट २० ते ५९ टक्के असेल तर पाऊस ‘अपुरा’ आणि ६० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ‘फारच अपुरा’ धरतात.

एकाच पर्जन्यमापकावर विसंबता येत नाही, याचे ठळक उदाहरण मुंबईत घडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र ७५ मिलीमीटरही पाऊस झाला नाही. कुलाब्याचाच आकडा हाती असता, तर उपनगरांवर काय ओढवले त्याची कल्पना कोणाला आली असती?

पाऊस गेला कोठे?

२०२३ च्या ऑगस्टकडे परत येऊ. त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता आणि नंतर निज श्रावण लागला. दोन श्रावण असूनही राज्याच्या बऱ्याच भागात आश्लेषा आणि मघा ही नक्षत्रे कोरडीच गेली. असे का झाले?

पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक लांबट पट्टा पसरलेला असतो. त्याला मान्सूनची आस म्हणतात. उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे या पट्ट्याच्या आधाराने पश्चिमेकडे सरकतात आणि ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, विदर्भ या भागांना पाऊस देत जातात. त्यांच्यामुळे अरबी समुद्रावरून येणारे वारेही जोर धरतात. पण कधीकधी हा पट्टा उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकतो. मग मध्य भारतावरचे ढग विरळ होतात, पाऊस थांबतो. शेतकरी म्हणतात, ‘पावसाने ताण दिला.’ शास्त्रज्ञ याला मोसमी पावसाचा खंड म्हणतात.

खंड बहुतेक वर्षी पडतो, पण काही दिवसांत संपतो. २०२३ मध्ये मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला खंड महिना अर्धा उलटला तरी संपेना, आणि पुढेही पावसाला म्हणावा तसा जोर आला नाही. प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळील मध्य व पूर्व भागाचे पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापले होते. यालाच एल निनो म्हणतात. एल निनोच्या प्रत्येक वर्षी भारतात पाऊस कमी पडतोच असे नाही. पण तशी शक्यता वाढते, आणि त्या ऑगस्टमध्ये तिचा प्रत्यय आला. आकाश निरभ्र आणि जमीन कोरडी, म्हणून उन्हाचा ताप वाढला. देशाच्या कमाल तापमानाची सरासरीही १९०१ पासूनच्या सर्व ऑगस्ट महिन्यांत सर्वांत जास्त भरली.

आता एक विलक्षण गोष्ट ऐका. आस हिमालयाच्या पायथ्याला गेल्यावर तेथील पाऊस कमी न होता वाढतो, कारण दमट वारे थेट डोंगरांना जाऊन भिडतात. १३ व १४ ऑगस्टला हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी झाली, दरडी कोसळल्या आणि सिमला परिसरात अनेक माणसे दगावली. सव्वाशे वर्षांतील सर्वांत कोरड्या ऑगस्टमध्ये देशाच्या एका कोपऱ्यात पावसाने बळी घेतले! १६२.७ या आकड्यात हिमाचलचा पूरही आहे आणि मराठवाड्यातील भेगाळलेली जमीनही आहे. पण तो एकटा पाहिला, तर दोन्हींपैकी काहीच दिसत नाही.

शंभर कोयना

९२ मिलीमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढ्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. त्याला हा हिशेब दाखवा. एक चौरस किलोमीटर जागेवर ९२ मिलीमीटर पाऊस म्हणजे ९२,००० घनमीटर पाणी. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर आहे. गुणाकार केलात, तर सुमारे ३०,००० कोटी घनमीटर येतील. आपल्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात काठोकाठ भरल्यावर जवळजवळ ३०० कोटी घनमीटर पाणी मावते. म्हणजे शंभर कोयना भरतील एवढे पाणी त्या एका महिन्यात आकाशातून आलेच नाही.

पुढे सप्टेंबरमध्ये पाऊस सरासरीच्या ११३ टक्के झाला. जुलैतही तो तेवढाच झाला होता. त्यामुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची बेरीज ८२० मिलीमीटर झाली. सरासरी ८६८.६ मिलीमीटर आहे, तेव्हा एकूण पाऊस ९४ टक्के झाला. शंभरांपैकी चौऱ्याण्णव गुण! परीक्षेत एवढे मिळाले, तर घरात पेढे वाटतील. पण पिकाची परीक्षा वेगळी असते. त्याला प्रत्येक पेपरात उत्तीर्ण व्हावे लागते. सोयाबीन फुलावर आणि शेंगेवर येते ते ऑगस्टमध्येच. तेव्हा मुळांना ओल मिळाली नाही, तर फुले गळतात, दाणा भरत नाही. सप्टेंबरचा पाऊस विहिरींना आणि रब्बीला उपयोगी पडतो, पण गळालेले फूल झाडाला परत लागत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. चार महिन्यांच्या ९४ टक्क्यांमागे असे ४० तालुके दडलेले होते.

म्हणून पावसाचा कोणताही आकडा ऐकलात, की तीन प्रश्न विचारायची सवय लावा : हा आकडा किती जागेचा? किती काळाचा? आणि त्या काळात पाऊस कसा वाटून पडला?

तुम्हीही मोजा

पर्जन्यमापक घरी करता येतो. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची काचेची बरणी घ्या. बाहेरून मिलीमीटरची पट्टी अशी चिकटवा, की तिचे शून्य बरणीच्या आतल्या तळाशी येईल. बरणी उघड्या जागी, वाऱ्याने पडणार नाही अशी ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची वाचा, वहीत लिहा आणि बरणी रिकामी करा. महिनाअखेर बेरीज करा. ज्या दिवशी २.५ मिलीमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तो दिवस ‘पावसाचा दिवस’ धरतात. असे दिवस किती होते, तेही मोजा. शाळेच्या चार दिशांना राहणाऱ्या चौघांनी हा प्रयोग केला, तर एकाच गावात आकडे किती बदलतात ते पाहून तुम्हांला नवल वाटेल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवसाची जागा कोरी ठेवू नका. तेथे स्पष्टपणे ‘०.०’ लिहा. कोऱ्या जागेचा अर्थ ‘पाहिले नाही’ असा होतो आणि शून्याचा अर्थ ‘पाहिले, पण पाऊस नव्हता’ असा होतो. २०२३ चा ऑगस्ट सर्वांत कोरडा होता असे आज ठामपणे सांगता येते, कारण गावोगावच्या निरीक्षकांनी कोरड्या दिवशीही साडेआठ वाजता पर्जन्यमापक उघडून पाहिला आणि वहीत शून्य लिहिले.