विश्लेषण : शत्रूने नव्हे, चिखलाने अडवले! महायुद्धाच्या अखेरचे ‘ऑपरेशन झिपर’ काय होते?

दुसरे महायुद्ध संपले होते, जपानने शरणागती पत्करली होती. तरीही ९ सप्टेंबर १९४५ रोजी मलायाच्या (आजचा मलेशिया) पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश-भारतीय सैन्य युद्धाच्याच आराखड्यानुसार उतरले. जपान्यांनी प्रतिकार केला नाही. पण कित्येक वाहने वाळूखालच्या चिखलात रुतली, तर काही पाण्यातच बंद पडली. अनेक महिने आखलेल्या मोहिमेचे असे का झाले?

मोहिमेचे उद्दिष्ट काय?

ब्रिटिशांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर गमावले होते. मे १९४५ च्या सुरुवातीला रंगून हाती आल्यावर पुढचे लक्ष्य सिंगापूर हेच ठरले. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडची योजना अशी होती : पोर्ट स्वेटनहॅम (आजचे पोर्ट क्लँग) आणि पोर्ट डिक्सन यांच्या दरम्यान उतरायचे, बंदर व विमानतळ ताब्यात घ्यायचे आणि दक्षिणेकडे कूच करायचे. पहिल्या हल्ल्याची जबाबदारी २३व्या आणि २५व्या भारतीय डिव्हिजनवर होती. काही दिवसांत लाखभर सैनिक उतरवण्याचा बेत होता.

अशी आखणी कशी होते?

समुद्रातून किनाऱ्यावर हल्ला करायचा, तर नियोजन उलट्या क्रमाने होते. किनाऱ्यावर सर्वांत आधी काय लागणार, हे पहिल्यांदा ठरते. जे आधी लागणार ते जहाजात सर्वांत शेवटी चढवायचे. एकदा जहाजे भरली की हा क्रम बदलणे जवळपास अशक्य असते. भरती-ओहोटी, चंद्रप्रकाश आणि किनाऱ्याचा उतार यांचाही मेळ बसावा लागतो. उतार फार कमी असेल, तर नौका किनाऱ्यापासून दूरच टेकतात आणि वाहनांना पाण्यातून वाट काढावी लागते. त्यामुळे सोयीचे दिवस महिन्यात मोजकेच मिळतात.

अडचणी कोणत्या होत्या?

पहिली अडचण नौकांची. १९४३ च्या अखेरीस या भागातील उतरण-नौका युरोपकडे वळवल्या गेल्या आणि अंदमानवरील हल्ल्याची योजना रद्द झाली होती. दुसरी अडचण माणसांची. जून १९४५ मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या परदेशातील सेवेचा कालावधी ३ वर्षे ८ महिन्यांवरून ३ वर्षे ४ महिन्यांवर आणला गेला. ऐन तयारीत अनुभवी माणसे मायदेशी परतू लागली.

अशा मोहिमांच्या प्रशिक्षणाची केंद्रे महाराष्ट्रातही होती. एक मुंबईजवळ मढ येथे, दुसरे पुण्याजवळ खडकवासल्याला. खडकवासला तलावाच्या काठी त्यासाठी जहाजाची प्रतिकृती उभारली होती. पुढे याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली.

माहिती कुठे कमी पडली?

नियोजनकारांची भिस्त मुख्यतः हवाई छायाचित्रांवर होती. जूनमध्ये पाणबुडीतून एक छोटे टेहळणी पथकही मोरीब किनाऱ्यावर पाठवण्यात आले, पण त्यातील काही जण परतू शकले नाहीत. छायाचित्रात वाळू दिसते. ती ट्रकचे वजन पेलेल की नाही, हे मात्र दिसत नाही. मोरीबला वरचा थर कडक आणि खाली मऊ गाळ होता.

युद्ध संपल्यावरही सैन्य का उतरले?

१५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर झाली. मात्र टोकियो उपसागरात औपचारिक सह्या होईपर्यंत कुठेही सैन्य उतरवू नये, असा जनरल मॅकआर्थर यांचा आदेश होता. सह्या २ सप्टेंबरला झाल्या. ५ सप्टेंबरला पाचवी भारतीय डिव्हिजन सिंगापुरात पोहोचली. ‘झिपर’ची तयारी तोवर इतकी पुढे गेली होती, की आराखडा नव्याने करण्याऐवजी काटछाट करून तोच राबवण्यात आला.

प्रतिकार झाला असता तर?

ब्रिटिशांच्या अधिकृत युद्धेतिहासाचा निष्कर्ष असा : मोहीम अखेर यशस्वी झाली असती, पण सैन्य काही काळ किनाऱ्यावरच अडकून पडले असते आणि जबर जीवितहानी झाली असती. ही किंमत प्रामुख्याने भारतीय जवानांनी मोजली असती. युद्ध आधीच संपल्याने ते वाचले. मात्र त्यांची सुटका झाली नाही : २३व्या डिव्हिजनला लगेचच जावाकडे जावे लागले आणि तिथे सुराबायात या डिव्हिजनचे जवान रक्तरंजित लढाईत ओढले गेले.

आज तैवानवरील संभाव्य हल्ल्याची चर्चा होते, तेव्हा जहाजे आणि क्षेपणास्त्रांचे आकडे मांडले जातात. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरही दलदलीचे विस्तीर्ण पट्टे आहेत. पहिला ट्रक किनाऱ्यावर चढेल की रुतेल, हा मोरीबचा प्रश्न तिथेही लागू होतो.