दर्यासारंग, दौलतखान आणि आपली खाडी

४ डिसेंबर जवळ आला की शाळांमध्ये नौदल दिनाची तयारी सुरू होते. १९७१ च्या युद्धात याच रात्री भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला चढवला होता. २०२३ साली हा सोहळा आपल्या जिल्ह्यात, मालवणला झाला. तेव्हापासून शिवाजी महाराजांच्या आरमाराविषयी मुलं भरभरून बोलतात. पण आरमाराचे सुभेदार कोण होते, असं विचारलं की वर्ग गप्प. आपली मुलंसुद्धा.

सुरुवात १६५७ ची. त्या वर्षी कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली गेली. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. पुढच्याच फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजात बसून कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. ८५ गलबतं आणि तीन मोठी जहाजं सोबत होती, असं इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नोंदलंय.

सभासदाच्या बखरीत आरमाराचे दोन सुभेदार दिलेत: दर्यासारंग आणि मायनाक भंडारी. दर्यासारंग मुसलमान होता, हे बखरकाराने साधेपणानं लिहून टाकलंय. त्यात त्याला काही विशेष वाटलेलं दिसत नाही. मला हे फार बोलकं वाटतं.

भाषाच बघा ना. ‘दर्या’ फारसी. ‘सरखेल’ फारसी. ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा मालक. ‘खलाशी’ अरबीतून आलेला. ‘गुराब’ही अरबी, मूळ अर्थ कावळा. आणि खुद्द ‘आरमार’ पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून. कोकणातले कोळी, भंडारी, खारवी, दालदी एकाच पाण्यावर वाढले, त्यांची बोली अशी मिसळलेली असणारच.

दौलतखानाची कामगिरी १६७९ ची. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारीनं तटबंदी घालायला घेतली आणि इंग्रज बिथरले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ मात्र टिकून राहिली आणि तिच्या तोफांपुढे मराठ्यांच्या होड्यांना मागे फिरावं लागलं, हेही सांगायला हवं. तरी बेटावरची रसद काही तुटली नाही. हलक्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या होड्या रात्री निसटायच्या, इंग्रजांची अवजड जहाजं बघत राहायची. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

याच लढाईत शेजारचं उंदेरी बेट बळकावून खांदेरीवर तोफा डागणारा जंजिऱ्याचा सिद्दीही मुसलमानच. तो मोगलांचा चाकर, दौलतखान महाराजांचा. कोण कोणाच्या बाजूनं लढला हे ज्याच्या-त्याच्या चाकरीवर ठरत होतं, धर्मावर नाही. ही गोष्ट झाकून इतिहास शिकवला तर एक तर दौलतखान गायब होतो, नाहीतर सिद्दी.

पुढे कान्होजी आंग्रे सरखेल झाले आणि १७२९ मध्ये वारले. ते असेपर्यंत इंग्रजांना विजयदुर्ग घेता आला नाही. तो पडला १७५६ च्या फेब्रुवारीत, आणि इथे वाईट वाटतं. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. समुद्रातून वॉटसन आला, जमिनीवर क्लाइव्ह उतरला. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाला तोफगोळ्यानं आग लागली. बाकीची जहाजं तिच्याशेजारीच नांगरलेली होती. सगळं आरमार जळालं. किल्ला नंतर पेशव्यांना परत मिळाला, धुळपांनी तिथून आरमार चालवलंही, पण पहिला दरारा परत आला नाही.

१९४६ मध्ये, १८ फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’वरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप केला. त्यांच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. पाठ्यपुस्तकात या उठावाला जेमतेम चार ओळी मिळतात.

आपलं खारेपाटण विजयदुर्गापासून खाडीनं सुमारे चाळीस किलोमीटर आत. एकेकाळी मोठं व्यापारी बंदर. पुढे खाडी गाळानं भरत गेली. त्याच खाडीच्या तोंडाकडे, गिर्येजवळ, कातळ खोदून केलेली आरमाराची जुनी गोदी आजही आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की दुरुस्ती करायची. विजयदुर्गाला सहल गेली तर मुलांना तिथेही न्या.