आईची रजा आणि बदली कामगार

कुटुंब सहलीला निघाले म्हणजे सर्वांनाच रजा मिळाली, असे आपण समजतो. पण गणपतीपुळ्याच्या मुक्कामी पन्नाशीतली आई पाहा. सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ तिच्याच ध्यानात. आईचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्याची खोली तिनेच मागितलेली. आणि कमावता मुलगा उठतो तोच चहा विचारीत.

आम्ही कामगार-चळवळीतली माणसे रजेचा अर्थ लढून शिकलो. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा दिली. त्या दिवशी यंत्रावर बदली कामगार उभा राही. घरात हा बदलीच नसतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज २८९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ८८.

म्हणून निघण्यापूर्वीच कामे वाटावीत. औषधांचा डबा मुलाकडे, आजीला हात देणे मुलीकडे, जेवणाखाणाची व्यवस्था नवऱ्याकडे. आणि एकदा घेतलेले काम आईला विचारीत करू नये. ‘गोळी कोणती?’ असे विचारले की मुकादमी तिच्याच माथी राहते.

बदली नेमल्यावाचून रजा मंजूर झाली, असे आम्ही मानीत नाही.