पुनर्बांधणीची पतसंस्था

फ्रँकफर्टला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. रविवारी मुलांना घेऊन पाल्मेनगार्टन या इथल्या बागेत जाताना वाटेत एका बँकेच्या मोठमोठ्या इमारती लागतात. नावाची फक्त तीन अक्षरं, जर्मन उच्चार 'का-एफ-वे'. घर घेताना आमच्या बँकेतल्या माणसाने याच नावाचा एक अर्ज पुढे सरकवला. "याने व्याज कमी पडेल," म्हणाला. आम्ही सही केली आणि विसरलो. लेकीला शाळेत प्रकल्प मिळाला तेव्हा कुठे ते लांबलचक नाव नीट वाचलं. मराठीत सांगायचं तर 'पुनर्बांधणीसाठी पतसंस्था'!

मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत फ्रँकफर्टचं जुनं गाव जळून गेलं होतं. युद्ध संपल्यावर इथे पडलेल्या घरांचा चुरा वापरून नव्या विटा पाडण्यासाठी चक्क एक कंपनीच काढली गेली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ५ जून १९४७ ला हार्वर्डमध्ये युरोपला मदत देण्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी योजना सुरू झाली. चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर आले. त्यातले पश्चिम जर्मनीला जेमतेम १.४ अब्ज, ब्रिटन आणि फ्रान्सला त्याहून जास्त. यात अमेरिकेचा स्वार्थ होताच. साम्यवाद पसरू नये आणि आपल्या मालाला गिऱ्हाईक मिळावं, हे काही त्यांनी लपवलं नव्हतं.

मला खरी गंमत वाटली ती पैसे फिरवण्याच्या पद्धतीची. समजा, अमेरिकेतून कापसाच्या गाठी आल्या. त्यांचे डॉलर अमेरिकी सरकार भरायचं. जर्मन गिरणीवाल्याला कापूस फुकट मिळत नसे, तो आपल्या मार्कमध्ये किंमत चुकती करायचा. पण ते मार्क अमेरिकेला न जाता जर्मनीतच एका वेगळ्या खात्यात जमा व्हायचे. १९४८ मध्ये स्थापन झालेली ही पतसंस्था त्यातून वीज केंद्रांना, कोळसा खाणींना, घरबांधणीला कर्ज द्यायची. कर्ज फिटलं की तेच पैसे पुढच्याला. तो निधी आजही आहे आणि त्यातून छोट्या उद्योगांना कर्जं मिळतात. नागपूरला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, हा तर आमच्या बचत गटाचा फिरता निधी झाला!" पंधरा वर्षं गट चालवलेली बाई, तिला मार्शल साहेबाचं काय कौतुक!

बाबांना मात्र दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. ते बर्डीवर जातात त्या नागपूर मेट्रोसाठी याच बँकेने २०१६ मध्ये ५० कोटी युरोंचं कर्ज दिलंय. (ते पैसे मार्शलचे नव्हेत हो, बँक आता बाजारातून रोखे काढून पैसा उभा करते.)

पण नुसत्या मदतीने जर्मनी सावरला नसता. आधी १९४८ च्या जूनमध्ये चलन बदललं. मग १९५३ मध्ये लंडनला करार झाला आणि युद्धाआधीची व नंतरची मिळून जर्मनीची जवळजवळ निम्मी देणी माफ झाली. उरलेले हप्तेही देशाची निर्यात पाहून, झेपतील असे. कर्ज सोडणाऱ्यांत ग्रीससुद्धा होता, ज्याला जर्मन फौजांनी भिकेला लावलं होतं. आमच्या ऑफिसात ग्रीसच्या कर्जबाजारीपणावर विनोद करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या खारकिवच्या बाईंना सांगितलं. त्या २०२२ पासून मुलासह इथे आहेत, मुलगा माझ्या लेकीच्या वर्गात. मला वाटलं, त्यांना धीर येईल. शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मार्शल आला तेव्हा लढाई संपली होती." मला 'तुमच्याकडे' शब्दाचं हसू येणार होतं, ते आलं नाही.

मग त्याच आकडे सांगायला लागल्या. जागतिक बँकेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजाप्रमाणे युक्रेनच्या पुनर्बांधणीला दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील. युरोपीय संघाने २०२७ पर्यंतच्या चार वर्षांसाठी ५० अब्ज युरो ठरवलेत, पण त्यातले ३३ अब्ज कर्जाऊ. "आज दुरुस्त केलेलं वीज केंद्र उद्या पुन्हा पडतं. कर्ज मात्र तसंच राहतं. ते माझा मुलगा फेडणार ना?" मी १९५३ चा करार पुढे केला. त्या म्हणाल्या, "तो हरलेल्यांसाठी होता. आमच्यासाठी कोण करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम केला.

त्यांची आई अजून खारकिवलाच राहते. स्फोटात घराच्या पाच खिडक्या फुटल्या, तिथे प्लायवुड ठोकलंय. निघताना बाईंनी मोबाइलमध्ये आईने पाठवलेलं मापं लिहिलेल्या कागदाचं छायाचित्र दाखवलं. काचा आता बसवायच्या की थांबायचं, यावर मायलेकींचा महिनाभर वाद चाललाय. आई म्हणते, निदान स्वयंपाकघराची तरी बसवूया, दिवसा दिवा लावून भाजी चिरायचा कंटाळा आलाय.