पणजीचं नाव दप्तरात कुठं सापडतं?

कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं झटकली गेली. जातीचा पुरावा बापाकडून लागतो, म्हणून ज्यानं त्यानं पणजोबाच शोधला. पणजीला कोण विचारतो? दप्तरात ती आहे, पण तिची जागा वेगळी.

जुन्या कागदात पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’. पुढचं नाव नवऱ्याचं. नवरा हयात असेपर्यंत जमिनीच्या कागदात ती सहसा दिसत नाही. म्हणून आधी कोतवाल बुकातून पणजोबाच्या मृत्यूचं साल काढावं, मग त्यानंतरचा वारसाचा फेरफार पाहावा. पोरं लहान असतील तर तिथं सापडतं ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालन कर्ती. कोरडवाहू रान नि लहानगी पोरं एकटीनं ओढली, त्याची सरकारदरबारी नोंद एवढीच, तीन अक्षरांची! पोरं कर्ती असतील तर तिचं नाव बहुधा ‘इतर हक्का’च्या रकान्यात.

माहेरचा माग अवघड. लग्नात नाव बदललेलं, आणि जन्माच्या नोंदीत बापाच्या नावापुढे पुष्कळदा नुसतं ‘मुलगी’. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या आत्याकडून माहेरचं नाव-गाव आजच लिहून घ्या. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत लेकींची नावं येऊ लागतात, आणि मागोमाग हक्कसोडीच्या नोंदीही. त्याही वाचा. खाली कुणाचा अंगठा आहे, तेही बघा.